बंदरावर अडकलेला खाण्याचा माल : आधी कागद, मग पळापळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरला सियागंजच्या घाऊक बाजारात तुमची सुक्या मेव्याची पेढी. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात दोन कंटेनर उभे आहेत. एकात सोललेला पिस्ता आहे आणि त्याच्या सॅम्पलमध्ये अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) जास्त निघालं. दुसऱ्यात ऑलिव्ह तेल आणि पास्ता, त्यांच्या लेबलांवर आक्षेप आहे. सीएचए (कस्टम्सचं काम करून देणारा एजंट) म्हणतो, दंड भरून सुटेल. एक नातेवाईक म्हणतात, थेट हायकोर्ट गाठा. आणि तुमचे वडील म्हणतात, माल इंदूरला आपल्या गोदामात आणून ठेवू, निकाल लागेल तेव्हा लागेल. यातलं काय करावं?

आत्ता या घडीला तिन्हीतलं काहीच करू नका. आधी एवढंच शोधून काढा, की माल नेमका कोणी अडवलाय आणि कोणत्या कलमाखाली. कायदा माहीत नसल्यापेक्षा हे एक न विचारल्यामुळे व्यापाऱ्यांचे पैसे जास्त जातात. बंदरात खाण्याच्या कंटेनरवर एकाच वेळी चार-पाच कायदे लागू असतात. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आणि त्याखालचे २०१७ चे आयात विनियम एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे अधिकृत अधिकारी बघतात. मालाचा ताबा, ड्युटी, जप्ती आणि दंड कस्टम्सकडे, १९६२ च्या कायद्याखाली. पिस्त्यासारख्या शेतमालाला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) प्रमाणपत्र लागतं आणि ते बघणारे अधिकारी वेगळे. पॅकबंद मालावर एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता वगैरे हवं, ते लीगल मेट्रॉलॉजीच्या २०११ च्या नियमांत. शिवाय त्या वस्तूची आयात मुळात खुली आहे की निर्बंधित, हे डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय, ठरवतं. प्रत्येकाचा अधिकारी वेगळा, मुदत वेगळी, दाद मागायची जागाही वेगळी. 'साहेबांनी थांबवलंय' असं सीएचएनं फोनवर सांगितलं म्हणजे तुम्हाला काहीच कळलेलं नाही. त्याच्याकडून आजच्या आज बिल ऑफ एन्ट्रीची (आयात मालाबद्दल कस्टम्सला दिलेल्या कागदाची) प्रत, सिस्टिमवर आलेली प्रत्येक क्वेरी, लॅबचा रिपोर्ट आणि एफएसएसएआयचा नकार असेल तर त्याची प्रत मागवा. कस्टम्सनं डिटेन्शन मेमो (माल रोखल्याचा कागद) किंवा जप्तीचा पंचनामा दिला असेल तर तोही.

माल नुसता थांबलाय की जप्त झालाय, यानं पुढचा सगळा रस्ता बदलतो. एफएसएसएआयची एनओसी (ना-हरकत) आली नाही म्हणून कस्टम्स माल सोडत नाही, ही झाली नुसती अडवणूक. कस्टम्स कायद्याच्या कलम ११० खाली जप्ती झाली, की सहा महिन्यांचं घड्याळ चालू होतं. त्या मुदतीत कलम १२४ ची कारणे दाखवा नोटीस आली नाही तर ज्याच्याकडून माल घेतला त्याला तो परत द्यावा लागतो. आयुक्त लेखी कारणं नोंदवून आणि मुदत संपायच्या आत तुम्हाला कळवून आणखी सहा महिने वाढवू शकतात. यात एक मेख आहे. तुम्ही कलम ११०अ खाली तात्पुरती सुटका मागितली आणि तसा हुकूम निघाला, तर २०१८ पासून ही सहा महिन्यांची मुदत लागूच राहत नाही. अर्ज टाकण्याआधी हा हिशेब डोक्यात हवा. अर्थात खाण्याच्या मालाला सहा महिने वाट बघणं म्हणजे एक्स्पायरीची वाट बघणं, त्यामुळे तुमच्या बाबतीत ही मुदत हातचं हत्यार म्हणून फारशी कामाची नाही.

आधी तेल आणि पास्ता घेतो, कारण ते प्रकरण सोपं असण्याची शक्यता आहे. सीएचएला सांगून एका बाटलीचे आणि एका पाकिटाचे चारही बाजूंनी स्पष्ट फोटो मागवा आणि तुम्ही स्वतः वाचा. २०१७ च्या विनियमांत लेबलातल्या काही उणिवा दुरुस्त करता येतात : आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि लायसन्स नंबर, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह. या गोष्टी कस्टम्सच्या बाँडेड जागेतच, निघणार नाही अशा एकाच स्टिकरनं लावायच्या आणि मग अधिकारी पुन्हा तपासतो. स्टिकरनं मूळ छापील मजकूर झाकला जाता कामा नये. तुमच्या पाकिटांवर फक्त हिरवा ठिपका आणि लायसन्स नंबर नसेल, तर घाबरण्याचं कारण नाही. स्टिकर छापून तयार ठेवा, परवानगी मागा, काम उरका.

पण बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी, घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता यांतलं काही मूळ लेबलावर नसेल, तर ते इथे स्टिकर लावून आणता येत नाही. ते उत्पादकाकडूनच छापून यायला हवं होतं. इथे काही लोक सल्ला देतात की तारखेचा छाप पुसून नवा मारू. त्याला सरळ नाही म्हणा. दुरुस्त न होणारी उणीव असेल तर माल परत जातो, नुकसान होतं, पण ते मोजता येतं. तारखेशी खेळ केला की प्रकरण लेबलातल्या चुकीचं राहत नाही, फसवणुकीचं होतं. शिवाय ते पाकीट शेवटी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात उघडणार आहे.

तारखेचं आणखी एक. क्लिअरन्सच्या वेळी मालाचं शेल्फ लाइफ निदान ६० टक्के शिल्लक हवं किंवा एक्स्पायरीला निदान तीन महिने हवेत, यातलं जे कमी असेल ते. पुष्कळ जण फक्त ६० टक्के लक्षात ठेवतात आणि विनाकारण धसका घेतात. पास्त्याचं आयुष्य चोवीस महिन्यांचं असेल तर ६० टक्के म्हणजे चौदा महिन्यांच्या वर. पण तीन महिने त्याहून कमी, म्हणून तीन महिने शिल्लक असले तरी चालतं. उलट एखाद्या चीजचं आयुष्यच चार महिन्यांचं असेल, तर ६० टक्के म्हणजे बहात्तर दिवस, आणि तिथे हाच आकडा लागू. तुमच्या मालात ही अडचण दिसत नाही, पण आक्षेपात 'शेल्फ लाइफ' असं लिहिलं असेल तर हा हिशेब लेखी मांडून द्या.

आता पिस्ता. इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

आयात मालाच्या सॅम्पलचा रिपोर्ट पाच दिवसांत द्यायचा, असं अन्न कायद्याच्या कलम ४७(५) मध्ये आहे. सॅम्पल आयातदाराच्या किंवा त्याच्या सीएचएच्या समोर काढतात आणि त्याचे दोन भाग होतात. एक लॅबला जातो, दुसरा अधिकाऱ्याकडे सीलबंद राहतो. पहिला रिपोर्ट विरोधात गेला तर तुम्ही दुसऱ्या तपासणीची मागणी करू शकता. तो राखून ठेवलेला भाग रेफरल लॅबला जातो आणि तिचा निकाल अंतिम. म्हैसूरची सीएफटीआरआय ही अशीच एक रेफरल लॅब. मागणीची मुदत फार थोडी असते आणि फी आयातदारानं भरायची असते, म्हणून रिपोर्ट हातात पडला त्याच दिवशी निर्णय घ्यायला बसा.

निर्णय घेताना एक गोष्ट समजून घ्या. अफ्लाटॉक्सिन ही बुरशीची देणगी आहे आणि ती ढिगात सारखी पसरलेली नसते. एका पोत्यात मूठभर दाणे भयंकर खराब असतात आणि शेजारची दहा पोती स्वच्छ. त्यामुळे निकालात चूक दोन जागी होऊ शकते. लॅबच्या यंत्रावर चूक झाली असेल तर रेफरल लॅब ती पकडेल. पण सॅम्पल काढतानाच एकाच कोपऱ्यातल्या दोन पोत्यांतून काढलं असेल, तर राखून ठेवलेला भागही त्याच दोन पोत्यांचा आहे. तिथून तोच आकडा येणार. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून सॅम्पल काढताना तुमचा माणूस तिथे हजर होता का, किती पोत्यांतून, कंटेनरच्या पुढून-मधून-मागून काढलं का, याची माहिती आत्ताच घ्या. सॅम्पलिंगवर आक्षेप असेल तर तो वेगळा आणि लेखी नोंदवा. नुसत्या फेरतपासणीच्या अर्जात तो बुडून जातो.

दुसरं, बिल ऑफ एन्ट्रीवर पिस्त्याचं वर्णन काय लिहिलंय ते बघा. आपल्या मानकांत थेट खाण्याच्या कवचाच्या मेव्याला अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम आहे आणि पुढे प्रक्रिया होणार असलेल्या मालाला १५. रिपोर्टातला आकडा १२ असेल, तर सगळा निकाल या एका ओळीवर फिरतो. माल खरोखरच मिठाईच्या कारखान्याला किंवा निवडणी-भाजणीला जाणार असेल आणि तसे करार, ऑर्डर, इन्व्हॉइस आधीपासूनचे तुमच्याकडे असतील, तर ते पुढे करा. माल अडकल्यावर तयार केलेली कागदपत्रं मात्र देऊ नका. तारखा बोलतात, आणि एकदा विश्वास गेला की तुमच्या खऱ्या कागदावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आणि आकडा ४० किंवा ६० असेल? मग माझा सल्ला स्पष्ट आहे : लढू नका. अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगाला कारण ठरतं, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. ते साध्या भाजण्यानं जात नाही. हा पिस्ता इंदुरात आला की श्रीखंडात जाईल, बर्फीवर जाईल, पोरांच्या दुधात जाईल. तांत्रिक मुद्द्यावर असा माल सोडवून आणणं मला जमलं तरी मी ते करणार नाही, आणि तुम्हीही वकील शोधताना असं आश्वासन देणाऱ्याकडे जाऊ नका.

तोवर भाडं चढतंय, आणि ते दोन जागी चढतंय हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सीएफएस, म्हणजे बंदराजवळचं कंटेनर ठेवायचं आवार, जागेचं डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) लावतं. शिपिंग लाइन कंटेनर अडकून पडल्याचे वेगळे पैसे लावते. लाइनचं भाडं थांबवायचं तर माल कंटेनरमधून उतरवून रिकामा कंटेनर परत करा. जागेच्या भाड्यासाठी कस्टम्स कायद्याचं कलम ४९ आहे : क्लिअरन्स वाजवी वेळेत होणार नसेल तर माल मान्यताप्राप्त गोदामात ठेवायची परवानगी तीस दिवसांसाठी मिळते, आणि आयुक्त ती पुढे वाढवू शकतात. सीएफएसपेक्षा हे भाडं बरंच हलकं पडतं. सॅम्पल निघाल्याच्या दिवशीच हा अर्ज टाकायला हवा होता. अजून टाकला नसेल तर उद्या टाका. पिस्त्याला थंड आणि कोरडी जागा मागा, नाहीतर पावसाळ्यात बंदरावरच बुरशी वाढेल आणि फेरतपासणीचा प्रश्नच मिटेल.

डेमरेज माफीबद्दल तुम्हाला दोन परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या जातील आणि दोन्ही अर्ध्या खऱ्या आहेत. २००९ च्या कार्गो हाताळणी विनियमांत ६(१)(एल) म्हणतो की कस्टम्सनं अडवलेल्या, जप्त केलेल्या मालावर कस्टोडियननं (माल सांभाळणाऱ्या सीएफएसनं) भाडं लावू नये. पण त्याच वाक्यात 'इतर कायद्यांच्या अधीन राहून' असंही आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ग्रँड स्लॅम इंटरनॅशनलच्या खटल्यात कस्टोडियनला त्याचं भाडं घेण्याचा हक्क मान्य केलेला आहे. शिवाय लॅबच्या रिपोर्टात माल खराब निघाला असेल तर माफी मागायला तोंड राहत नाही. म्हणून माफीचा अर्ज करा, पण हिशेबात ती रक्कम धरू नका.

वडिलांना सांगा की माल इंदूरला आणता येणार नाही. एनओसी नाही, कस्टम्सचा आउट ऑफ चार्ज (माल सोडायचा हुकूम) नाही, तोवर तो माल तुमचा असूनही तुमच्या ताब्यात नाही. कलम ४९ चं गोदाम म्हणजे सियागंजातलं किंवा पालद्यातलं आपलं गोदाम नव्हे. सात दिवसांपेक्षा कमी आयुष्य असलेल्या नाशवंत अन्नाला रिपोर्टाच्या आधी तात्पुरती एनओसी मिळू शकते, पण पिस्ता आणि तेल त्यात बसत नाही. त्यांच्या काळजीमागचं कारण मला कळतं. माल नजरेसमोर असला की जीव थाऱ्यावर राहतो. त्यांना एकदा मुंबईला घेऊन जा आणि परवानगी काढून गोदाम दाखवा.

'दंड भरून सुटेल' हे सीएचएचं म्हणणं कस्टम्स कायद्याच्या कलम १२५ वर उभं आहे. जप्त ठरवलेला माल दंडाच्या रकमेवर सोडवायचा पर्याय त्यात आहे. पण ते कलम नीट वाचलं की दिसतं : साध्या मालाला अधिकाऱ्यानं तो पर्याय द्यायलाच हवा, प्रतिबंधित मालाला द्यायचा की नाही ही त्याची मर्जी. आणि मानकांत न बसणारं अन्न अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २५ मुळे आयातच करता येत नाही, म्हणजे ते कस्टम्स कायद्याच्या कलम १११(ड) खाली प्रतिबंधित धरलं जातं. आपल्याकडच्या दाल मिलवाल्यांना याचा अनुभव आहे. २०१९ मध्ये मटारच्या आयातीवर दीड लाख टनांची मर्यादा आली, काहींनी कोर्टाच्या अंतरिम हुकमांवर मर्यादेबाहेरचा माल आणला, आणि १७ जून २०२१ ला राज ग्रो इम्पेक्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दंडावर सोडायचा हुकूम रद्द करून माल पूर्ण जप्त ठरवला. मटार खायला वाईट नव्हता, तरी. मग मर्यादेबाहेरच्या अफ्लाटॉक्सिनचा पिस्ता बाजारात जायला दंडावर सुटेल ही आशा धरू नका. दंडावर परवानगी मिळाली तर ती माल परत पाठवायला मिळते.

हायकोर्टाची वाट बंद नाही, फक्त योग्य मुद्दा हवा. लॅब कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त नव्हती किंवा तुमचं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही, हे मुद्दे कोर्ट ऐकतं. नेस्लेच्या नूडल्सच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं १३ ऑगस्ट २०१५ ला याच मुद्द्यांवर बंदी रद्द केली. तसंच, आक्षेप एखाद्या नुसत्या 'अ‍ॅडव्हायजरी'वर, म्हणजे सल्लावजा पत्रकावर, असेल तर विनियमाचा क्रमांक मागा. एफएसएसएआयच्या अ‍ॅडव्हायजरींना कायद्याचं बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी व्हायटल न्यूट्रास्युटिकल्सच्या प्रकरणात कायम केलं. तुमच्या रिपोर्टावर लॅबचं नाव, मान्यता आणि फूड अ‍ॅनालिस्टची सही आहे का, एवढं आधी बघा. कस्टम्सच्या हुकमाविरुद्ध मात्र आधी आयुक्त (अपील्स), साठ दिवसांत. वादातल्या ड्युटीच्या किंवा दंडाच्या साडेसात टक्के आधी भरून.

रेफरल लॅबचाही निकाल विरोधात गेला तर दोन वाटा उरतात : माल परत पाठवणं किंवा नष्ट करणं. दोन्ही अन्न कायद्याच्या कलम ६७ मध्ये आहेत आणि दोन्हींना कस्टम्सची परवानगी लागते. ड्युटी भरली असेल तर परत पाठवलेल्या मालावर कस्टम्स कायद्याच्या कलम ७४ खाली ९८ टक्क्यांपर्यंत परत मिळते, पण तोच माल आहे ही ओळख पटवावी लागते. म्हणून पोत्यांवरच्या खुणा, सील, फोटो आतापासून जपा. कोणी म्हणेल, मालावरचा हक्क सोडून द्या, म्हणजे ड्युटीही नाही आणि भानगडही नाही. कलम २३(२) मध्ये ती सोय आहे, पण मालाच्या बाबतीत गुन्हा घडल्यासारखं दिसत असेल तर ती मिळत नाही. नोटीस यायच्या आत हा विचार करा. लवकर सुटावं म्हणून 'आम्हाला नोटीस नको, सुनावणी नको' असं पत्र द्यायला सांगतात. नाशवंत मालात ते कधी कधी शहाणपणाचं असतं, पण त्यात चूक कबूल केल्याची ओळ घुसलेली असते. वाचल्याशिवाय सही करू नका. कलम १०८ खाली जबाबाला बोलावलं तर जा, खरं सांगा, आठवत नसेल तर कागद बघून सांगतो म्हणा. तो जबाब पुरावा म्हणून वापरला जातो.

विकणाऱ्याला आजच ईमेल पाठवा : रिपोर्ट जोडून, माल करारातल्या दर्जाचा नाही आणि परतीचा खर्च त्याच्याकडून मागणार असं लिहून. करारात भारतीय मानकांचा उल्लेख नसेल तर भांडण अवघड जाईल, तरी पत्र हवंच, कारण पुढच्या तडजोडीत त्याचीच तारीख धरतील. पैसे एलसीवर (बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटवर) असतील तर बँकेला आत्ताच कळवा.

मला रिपोर्ट, बिल ऑफ एन्ट्रीची दोन्ही पानं, सॅम्पल काढल्याची नोंद आणि बाटलीचे फोटो पाठवा. पिस्त्याचा आकडा बघितल्याशिवाय फेरतपासणीची फी भरू नका.